कातडी खरवडणार कोण?

सकाळपासून घरात माणसांची रीघ लागली होती, पण लिलावाचं नाव कुणी काढत नव्हतं.

पिपालुक पाद्रीबुवांच्या बोटीनं आली होती. खाडीतला बर्फ वाहून गेला की वस्तीवर येणारी पहिली बोट पाद्रीबुवांची, आणि त्यांच्या मुक्कामात वर्षभराची लग्नं, बारशी, वयात आलेल्या मुलांना चर्चमध्ये पक्कं करून घ्यायचा विधी म्हणजे दृढीकरणं, असं सगळं उरकून घ्यायचं. आज तिच्या भाचीचं, निवीचं दृढीकरण झालं होतं. चर्च सुटल्यापासून लोक पाळीपाळीनं कॉफीला येत होते. दाराशी बूट काढायचे, आत येऊन निवीचा हात हातात घ्यायचा, केकचे दोन-तीन प्रकार चाखायचे, दोन कप कॉफी प्यायची आणि पुढच्या खेपेला जागा करून उठायचं.

"कोपनहेगनला ऊन होतं का गं?"

"होतं की."

"आणि झाडं?"

"झाडंही होती."

"बघ बाई. एवढ्या झाडांत लोकांना पलीकडचं दिसतं तरी कसं?"

सगळे हसायचे, पिपालुकही हसायची आणि कॉफीची किटली घेऊन पुढं सरकायची. दक्षिणेकडच्या शहरात कातडी कमावण्याचा कारखाना होता, तिथल्या गोदामात ती सीलची कातडी निवडून प्रतवार लावायची. यंदा साहेबांनी तिला पहिल्यांदाच कातड्यांबरोबर कोपनहेगनच्या लिलावाला पाठवलं होतं. ही गोष्ट वस्तीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होती. त्या गठ्ठ्यांत इथल्या प्रत्येक घरची कातडी होती. तरी कुणी विचारत नव्हतं. तिचे बाबा, एनोक, सणाचा पांढरा अनोराक, टोपीचा डगला, घालून खिडकीशी बसले होते. तिचा मोठा भाऊ योकुम, निवीचा बाप, मान खाली घालून कप भरत होता. आईनं, बोलेतनं, आल्या आल्या फक्त "खाल्लंस का?" एवढंच विचारलं होतं आणि केकची सुरी तिच्या हातात दिली होती.

शेवटी तोंड उघडलं ते गेर्तमामानं. हा बोलेतचा धाकटा भाऊ. उमानाक गावच्या माशांच्या कारखान्यात मुकादम होता आणि यंत्रांच्या खडखडाटात बोलून बोलून त्याला हळू बोलणं माहीतच नव्हतं.

"काय गं पिपालुक, साहेब लोकांनी आमच्या कातड्यांचे काय दिले ते सांग की! का तेही झाडांआड दिसलं नाही?"

शेजाऱ्यांनी कप खाली ठेवले, पण जागचं कुणी हललं नाही.

"विकली नाहीत, मामा."

"विकली नाहीत म्हणजे? कमी भावात गेली?"

"बोलीच लागली नाही." किटली टेबलावर ठेवून ती उभीच राहिली. कुणाकडे बघून सांगावं तिला कळेना, म्हणून ती निवीकडे बघून सांगायला लागली. "आदल्या दिवशी माल बघायला देतात. पांढरे कोट घातलेले व्यापारी येतात, केसांवर फुंकर मारून बघतात, उलटं करून बघतात. सगळे मिंकच्या मऊ फरच्या टेबलांपाशी होते. सीलची टेबलं पार टोकाला. तिथं मी उभी. दिवसभर उभी. एक जण आला, त्यानं मला चहाची खोली कुठं आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी लिलाव. पुकारणारा भाव सांगायचा, थांबायचा, भाव उतरवायचा, थांबायचा, आणखी उतरवायचा. कुणाची पेन्सिल वर होत नव्हती. मग 'पुढचा गठ्ठा' म्हणायचा. शेवटी शेवटी तर तो मान वर करून बघतही नव्हता."

"एकही नाही?" योकुमनं विचारलं.

"दोन गठ्ठे गेले. पहिल्या प्रतीचे. एका नॉर्वेवाल्यानं घेतले."

"कसे?" हा प्रश्न बाबांचा होता. सकाळपासूनचा त्यांचा पहिला शब्द.

"चार वर्षांपूर्वी एका कातड्याचे जेवढे यायचे ना बाबा, तेवढ्यात आता पाच द्यावी लागली. बाकीची तिथल्या गोदामात पडून आहेत, गेल्या वर्षीच्या ढिगावर. आणि... उन्हाळा संपला की कातडी विकत घेणाऱ्या वखारीत नवा हुकूम येणार आहे. फक्त पहिली प्रत घेतील. दुसरी-तिसरी बघणारसुद्धा नाहीत."

"पांढरी पिल्लं आम्ही मारली का?" योकुमनं हातातला कप आपटला. "या खाडीत कुणाच्या बापानं कधी पांढरं पिल्लू मारलंय? टीव्हीवर मारलेली पिल्लं दाखवली ती कुठली, मारणारे कुठले, ते बघून लोकांनी कातडी घेणं सोडलं आणि शिक्षा आम्हाला!"

"मी एका बाईला हेच सांगितलं, दादा. लिलावघराच्या दाराशी फलक घेऊन उभी होती. ती म्हणाली, सील ते सील."

शेजारी एकेक करून उठले. जाताना म्हाताऱ्या झकारियासनं एनोकच्या खांद्यावर हात ठेवला आणि निवीला म्हणाला, "फार सुंदर दिसतेस हो पोरी." त्यानं ते अशा आवाजात म्हटलं की निवीला रडूच यायला लागलं.

घरचेच उरले तेव्हा गेर्तनं खुर्ची पुढं ओढली.

"आता माझं ऐका. दाजी, तुम्हीसुद्धा. कारखान्यात माणसं हवीत. योकुमला घेतो म्हणालेत, ताबितालाही घेतील. खोली मिळते, नळाला गरम पाणी आहे. निवीला शाळेसाठी उमानाकला धाडायचंच आहे, मग तिच्या पाठोपाठ सगळेच चला की."

"ताबितालाही?" योकुमनं बायकोकडे वळून पाहिलं. "तुझं आधीच बोलणं झालंय वाटतं मामांशी?"

ताबिता भिंतीला टेकून उभी होती. तिनं नजर चुकवली नाही. "झालंय. तू ऐकत नाहीस, मग जो ऐकतो त्याच्याशी बोलले."

"माझ्या घसरगाडीच्या कुत्र्यांचं काय? बोटीचं काय?"

"पेट्रोल आणि काडतुसं कशाच्या पैशानं घेणार आहेस, ते आधी सांग. मग कुत्र्यांचं बोलू."

पिपालुक दोघांच्या मधे उभी होती. वहिनीचं बरोबर होतं आणि भाऊ तुटत होता. ज्या कातड्यांच्या कामासाठी ती पगार घेत होती, ते काम यंदा या घराच्या अंगावर आलं होतं.

योकुम बाबांसमोर जाऊन उकिडवा बसला. त्याच्या डोक्यात काहीतरी आकार घेत होतं. "बाबा, हे बघा. पहिलीच प्रत घेणार ना? मग पहिली प्रत जास्त देऊ. हिवाळ्यात बर्फाखाली दुप्पट जाळी टाकू. भाव पडला तर संख्या वाढवायची. निभेल."

एनोकनं मान डोलावली. "निभेल."

"निभेलसुद्धा," गेर्तही म्हणाला. हिशेब त्याला पटला होता.

"आणि खरवडणार कोण?"

बोलेत चुलीपाशी उभी होती. तिनं हे अगदी सहज विचारलं, केक अजून कुणाला हवाय का विचारावं तसं.

"म्हणजे काय आई, नेहमीसारखं—"

"नेहमीसारखं कोण?"

योकुमनं ताबिताकडे पाहिलं.

"तू सील आणून दारात टाकतोस आणि कॉफी मागतोस. तुझं काम तिथं संपतं, माझं तिथं सुरू होतं. सोलायचं. चरबी खरवडायची, धुवायचं, परत खरवडायचं. चौकटीवर ताणायचं. पाऊस आला की आत, ऊन आलं की बाहेर. एक भोक पडलं की प्रत उतरली. हे सगळं एकटीनं, नाहीतर ताबिता आणि मी. आता भाव पडला म्हणून कातडी दुप्पट. पैसे कमी आणि काम दुप्पट, हे गणित कुठल्या शाळेत शिकलास रे?"

गेर्त फसकन हसला आणि बहिणीनं बघताच गप्प झाला.

"बोलेत," एनोक म्हणाला, "आज पोरीचा दिवस आहे."

"म्हणूनच आज सांगते, म्हणजे सगळ्यांच्या लक्षात राहील. लिलावासाठी मी यापुढं एकही कातडं खरवडणार नाही." तिनं एप्रन काढून खिळ्याला अडकवला, पाहुण्यांच्या बाजूची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "पिपालुक, मला कॉफी ओत. केकपण दे. मी आज पाहुणी आहे."

*

एनोक बाहेर आला. कुत्री खडकांवर साखळीला बांधलेली, उन्हाळ्याच्या उन्हात सुस्तावून पडलेली. त्याला बघून दोघा-तिघांनी शेपूट हलवलं आणि मासा नाही हे कळताच परत डोळे मिटले. घराच्या दक्षिणेला चौकटी उभ्या होत्या. त्यांवर कातडी ताणलेली, आतली बाजू उन्हाकडे, पिवळसर, स्वच्छ, ढोलाच्या कातड्यासारखी घट्ट. त्यानं एकीवर बोट वाजवलं.

मागून योकुम आला. "उद्यापर्यंत विसरेल आई."

"तुझी आई?" एनोक हसला. "लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं मला सांगितलं होतं, कुत्री पायरीला बांधू नकोस. मी एकदा बांधली. तिनं पायरीच उखडून टाकली. वारा पडून मला नवी पायरी करता येईपर्यंत आम्ही खिडकीतून ये-जा केली. पाद्रीबुवासुद्धा खिडकीतून आले."

योकुमला हसू आलं, पण टिकलं नाही. "मग करायचं काय, बाबा? मला माशांची डोकी उडवत उभं राहता येणार नाही दिवसभर. मी मरेन तिथं."

"मरत नाही कुणी. तुझा मामा चांगला गुटगुटीत आहे."

खाली किनाऱ्यापाशी पाणी संथ होतं. एप्रिलमध्ये शेजारच्या घरानं त्याच जागी बर्फाला भोक पाडून विकली न गेलेली कातडी दगड बांधून बुडवली होती. मांस कुत्र्यांना लागतंच, सील मारल्याशिवाय भागत नाही, पण कातड्याचं करायचं काय? एनोकनं ते लांबून पाहिलं होतं आणि घरी येऊन कुणाला सांगितलं नव्हतं. सील आपल्याला अंग देतो, असं त्याचे वडील म्हणायचे. दिलेलं असं बुडवायचं म्हणजे पुन्हा कुठल्या तोंडानं पाण्यावर जायचं?

"तुला खरवडता येतं?" त्यानं अचानक विचारलं.

"मला? ते बायकांचं—" योकुम थांबला. "नाही येत."

"मलाही नाही येत." एनोकनं पुन्हा चौकटीवर बोट वाजवलं. "आयुष्यभर मी वखारीत गठ्ठा टाकायचो आणि वखारवाला म्हणायचा, एनोकची कातडी, बघायला नको, पहिली प्रत. मी ताठ मानेनं घरी यायचो. गोळी माझी होती, जाळं माझं होतं, ते खरंच. पण प्रत गोळीला मिळत नाही, योकुम."

योकुमनं बाबांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. एक कुत्री उठून त्याच्या पायाशी आली, तिचे कान तो खाजवत राहिला.

*

आत ताबिता कप विसळत होती. नवऱ्याला सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं का, हे ती मनात घोळवत होती. तिला गाव हवं होतं असं नव्हतंच. गावात तिचं कोण होतं? तिला एवढंच हवं होतं की हिवाळाभर गुडघ्यांत कातडं धरून बसावं लागू नये, अंगाला येणारा चरबीचा वास रविवारपुरता तरी जावा. हे कुणाला सांगता आलं नव्हतं. गरम पाण्याच्या नळाबद्दल सांगता आलं होतं. आणि आज सासूनं तेच, तिच्या मनातलंच, केक खात खात सांगून टाकलं होतं.

बाहेरच्या खोलीत बहीण-भावाचं चाललं होतं. गेर्त निवीला गोल फिरवून बघत होता. गळ्यावरून खांद्यांवर पसरलेली मण्यांची रंगीत जाळी, सीलच्या कातड्याची तोकडी विजार, आणि गुडघ्याच्या वर जाणारे पांढरे शुभ्र कामिक. ते बूट पांढरे व्हायला कातडं हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात महिनोन् महिने टांगावं लागतं.

"आमची बायको बघेल तर रडेल," गेर्त म्हणाला. "पुढच्या वर्षी आमच्या धाकटीचं दृढीकरण. विजार नाही, कामिक नाहीत. अख्ख्या उमानाकमध्ये शिवून देणारं कुणी सापडेना. मावशीच्या मुलीचे मागून आणले, ते पोरीच्या पोटऱ्यांवर चढेनात. माझ्यावर गेलीय ना!"

"मग मला का नाही विचारलंस?" बोलेत म्हणाली.

"तुला कसं विचारायचं, ताई? तुझी सगळी चांगली कातडी वखारीत जातात. कोपनहेगनचा माल मी मागायचा कसा?"

बोलेतचा घास हातात राहिला.

पिपालुक ओला कप घेऊनच दारात आली. "आई, आमच्या गोदामातसुद्धा हेच आहे. कातडी निवडणाऱ्या बायका आम्ही. दिवसभर चांगल्यातली चांगली कातडी गठ्ठ्यात बांधतो, आणि संध्याकाळी त्याच बायका आपल्या पोरींच्या कामिकसाठी कातडं शोधत फिरतात. एकीनं तर मला विचारलं, तुझी आई शिवते का? राजधानीतल्या, नूकच्या बायका एका पोशाखाला जेवढे मोजतात ना, तेवढे मला लिलावात एका गठ्ठ्याचे मिळाले नाहीत."

"हे तू सकाळपासून का नाही सांगितलंस?"

"मला कुठं सुचलं होतं? मी सकाळपासून बाबांच्या तोंडाकडे बघतेय."

बोलेतनं निवीला जवळ बोलावलं आणि विजारीच्या पुढच्या बाजूवरून बोट फिरवलं. तिथं रंगवलेल्या कातड्याचे तांदळाएवढे तुकडे एकाला एक लावून नक्षी शिवली होती. "हे एवढं बारीक माझ्याच्यानं नाही होत आता. डोळे राहिले नाहीत."

"मग हे कुणी केलं?" गेर्तनं विचारलं.

"कुणी म्हणजे? ताबितानं. किनार सगळी तिची. तिच्या हाताला असलं काम आहे की माझ्या आईचंही नव्हतं."

स्वयंपाकघरात ताबिताचे हात पाण्यात तसेच राहिले. इतक्या वर्षांत सासूनं हे तिला कधी तोंडावर सांगितलं नव्हतं. ती हात पुसत बाहेर आली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि गोड बोलायची सवय नव्हती.

"मी शिवीन," ती म्हणाली. "मामांच्या पोरीचं शिवीन, त्या नूकवाल्यांचंही शिवीन. गावी नाही गेले तरी चालेल. पण खरवडणार नाही. दोन्ही नाही होत. हात जाड होतात, मग सुई धरता येत नाही."

"मीपण नाही," बोलेत म्हणाली. "माझा संप आहे."

"मग खरवडणार कोण?" पिपालुकनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. मग ताबिताचं गेलं. मग बोलेतचं. बाहेर चौकटीपाशी बाप-लेक उभे होते, खिशात हात घालून, काहीही न करता.

आधी निवीला हसू फुटलं. मग तिघींना. हसता हसता बोलेतला ठसका लागला, गेर्तनं तिच्या पाठीवर थोपटलं आणि तोही हसायला लागला, कारण त्या घरात हसत नसलेला तो एकटाच उरला होता.

दार उघडून एनोक आत आला. हसणं थांबलं. तो सरळ बोलेतसमोर येऊन उभा राहिला. येताना त्यानं मनात बरंच काही जुळवलं असावं, पण तोंडून एकच शब्द आला.

"शिकव."

"काय शिकवू?"

"उलू धरायला. मला आणि याला." मागं योकुम उभा होता, कानापर्यंत लाल झालेला.

बोलेतनं नवऱ्याकडे नीट बघितलं. उलू म्हणजे बाईची सुरी, आईकडून मुलीकडे येणारी. पुरुषाच्या हातात ती कुणी कधी पाहिली नव्हती. "वस्ती हसेल, एनोक."

"हसू दे. यंदा वस्तीला हसायला दुसरं आहेच काय?"

*

वस्ती हसली. मनसोक्त हसली. बाप-लेक कातडं गुडघ्यांत धरून बसले की लोक कॉफीचे कप घेऊन बघायला यायचे, लांबून सल्ले द्यायचे. "योकुमताई, वेणी सावर!" असं बोटीवरचे जोडीदार ओरडायचे. योकुमनं पहिल्याच कातड्याला एवढं मोठं भोक पाडलं की त्यातून त्याचं डोकं बाहेर निघालं, आणि त्यानं ते काढूनही दाखवलं. एनोकचा हात मात्र बसला. म्हाताऱ्याच्या हाताला घाई नव्हती. पुढं पुढं तो एकटाच बाहेर बसून गुणगुणत खरवडायचा आणि कुणी हसलं तर तोही हसायचा. शरदात एक दिवस झकारियास आला, बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी इकडं तिकडं बघून म्हणाला, "ती सुरी जरा बघू."

सगळं सुरळीत झालं असं नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी पेट्रोल संपलं आणि योकुमला गेर्तमामाच्या कारखान्यात जावंच लागलं. तिथं तो मेला नाही. बर्फ धरला तसा तो परत आला, येताना मामीनं गोळा केलेली गावातल्या पोरींची मापं घेऊन आला. ताबितानं शिवलेला पहिला पोशाख कमरेत घट्ट झाला, तो उसवून पुन्हा शिवावा लागला. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मग बोलेत तिच्याशेजारी येऊन बसली आणि तुकडे रंगाप्रमाणे लावून द्यायला लागली. थंडीत घरामागच्या दोरीवर कामिकची कातडी लटकायला लागली, वाऱ्यात खडखडायची आणि दर आठवड्याला थोडी आणखी पांढरी व्हायची.

लिलावाला त्या साली घरातून एकच गठ्ठा गेला. सगळ्यांत चांगला नव्हता, पण वखारवाल्यानं चष्मा लावून तपासला आणि पहिली प्रत लिहिली.

पुन्हा वसंत आला तेव्हा पिपालुकचा फोन आला. वस्तीत फोन एकच, वखारीतला. त्यातून दोन्हीकडचं बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं, म्हणून फोन असला की पिठाची पिशवी घ्यायला आलेले लोकही रेंगाळायचे. आज तर वखार भरलेली होती. सगळ्यांचेच थोडेफार गठ्ठे गेले होते. बोलेत कानाला फोन लावून उभी होती, एनोक तिच्या मागं.

"आई, ऐकू येतंय का? आपला गठ्ठा गेला!"

"किती खाली?"

"खाली नाही, वर! फार नाही, थोडासाच. पण चार वर्षांत पहिल्यांदा वर गेला. माल कमी आला ना यंदा, आणि सगळा चांगला. दोघांच्या पेन्सिली एकदम वर झाल्या. मी मोठ्यानं ओरडले, पुकारणारा माझ्याकडे बघायला लागला!"

वखारीत गलका उडाला. कुणीतरी कुणाला मिठी मारली. योकुमनं निवीला उचलून फिरवलं, उमानाकच्या शाळेतून सुट्टीला आलेली, आता उचलण्याच्या वयाची न राहिलेली निवी किंचाळली. एनोकनं बोलेतच्या पाठीवर हात ठेवला, सगळ्या वस्तीसमोर, आणि तो तसाच राहू दिला.

"ए, गप्प बसा रे," बोलेत म्हणाली. "पोरगी काहीतरी सांगतेय. बोल गं."

"लिलाववाले इथं माझ्याशेजारीच उभे आहेत, आई. विचारतायत, असाच माल पुढच्या खेपेला किती पाठवाल?"

बोलेतनं वखारीभर नजर फिरवली. ताबिता दाराशी उभी होती, बोटांना सुईचे टोचे, केसांत रंगीत कातड्याचा एक बारीक तुकडा अडकलेला. तिच्या बाजूला झकारियासची नात, जिचं माप कालच घेतलं होतं. काउंटरपलीकडे वखारवाला पेन हातात धरून आकडा ऐकायला टपलेला.

"त्यांना सांग," बोलेत म्हणाली, "आधी आमच्या पोरींचं होऊ दे. उरलं तर पाठवू."